बेटावरची मराठी

सोलापूरच्या माणसापुढे बेटाचे नाव काढले, तर त्याच्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहत नाही. सिद्धेश्वराचे तळे उभे राहते. चहूकडे पाणी, मधोमध देऊळ आणि काठावरून आत जाणारी वाट. ह्या क्षेत्राचे मूळपुरुष सिद्धराम हे बाराव्या शतकातले. त्यांची वचने कानडीत आहेत. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते, पांढऱ्या बाराबंद्या घातलेले लोक सात नंदीध्वज पेलीत निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. त्या गर्दीत कानडी, मराठी, तेलुगू बोलणारे सारेच खांद्याला खांदा लावून उभे असतात. त्यांतल्या कित्येकांना सिद्धरामांच्या वचनाचा अर्थ कोणी समजावून सांगितल्यावाचून कळावयाचा नाही. तरी नंदीध्वज आला की हात आपोआप जोडले जातात.

आता प्रश्न असा, की येथे वारसा जपला गेला की हरवला? कृती राहिली, पण मूळचा शब्द कित्येकांच्या तोंडून गेला. ह्याला जतन म्हणावे, की नुसती सवय म्हणावे? ह्या प्रश्नाचे उत्तर घरात बसून सापडत नाही. स्वतःच्या अंगणाची लांबीरुंदी शेजारच्या गच्चीवरून अधिक नीट दिसते, तसेच हे आहे. म्हणून ह्या दिवाळीत मी वाचकांना दूरच्या एका बेटावर घेऊन जाणार आहे. तेथे आपलीच माणसे दीडशे वर्षांहून अधिक काळ राहत आहेत, आणि आपला वारसा जपण्यासाठी मंडळे स्थापून झटत आहेत. त्यांच्या कार्याचे कौतुक वर्तमानपत्रांतून पुष्कळ येते. मला त्याची थोडी समीक्षा करावयाची आहे. कारण कौतुक पाहुण्याचे करतात, समीक्षा घरच्या माणसाची करतात.

हे बेट म्हणजे मॉरिशस. आफ्रिकेच्या पूर्वेला, मादागास्करच्याही पलीकडे, हिंदी महासागरात ते आहे. आकार असा, की आपल्या सोलापूर जिल्ह्यात ते सहज सात वेळा मावेल. डच तेथे १५९८ साली उतरले आणि १७१० साली कंटाळून निघून गेले. १७१५ पासून फ्रेंचांनी ते ताब्यात घेतले. १८१० साली इंग्रजांनी ते जिंकले. त्या मातीत ऊस चांगला येतो, आणि ऊस म्हणजे काय हे सोलापूर जिल्ह्याला सांगावयास नको. ऊस गोड खरा, पण तो तोडणाऱ्याच्या हाताला गोडी लागत नाही. तेथे हे काम गुलामांकडून करून घेत. १८३५ साली गुलामगिरी बंद झाली. मळेवाल्यांना हा दिवस येणार हे ठाऊकच होते. म्हणून त्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणावयास आधीच सुरुवात केली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाचे जहाज ३६ मजूर घेऊन तेथे पोहोचले. पुढे सुमारे साडेचार लाख माणसे त्या बंदरात उतरली. बहुतेक बिहारची आणि पूर्वेकडची. काही तमिळ, काही तेलुगू. आणि मुंबई बंदरातून गेलेली, मुख्यतः कोकणातली, आपली मराठी माणसे.

पोर्ट लुई बंदरातल्या ज्या धक्क्यावर ही माणसे उतरत, तेथे सोळा पायऱ्या आहेत. सोळा पायऱ्या चढल्या, की माणसाचे नाव नोंदवहीत जाई आणि त्याला एक क्रमांक मिळे. कारकुनाच्या कानाला जे ऐकू आले, ते नाव. बापाचे नाव पुढे मुलांचे आडनाव झाले. गावाकडचे आडनाव, वाडी, भावकी हे सारे कित्येकांच्या बाबतीत पाण्यात गेले. आज ह्या जागेला 'आप्रवासी घाट' म्हणतात आणि २००६ साली युनेस्कोने तिची जागतिक वारसा म्हणून नोंद केली आहे. मजुरांच्या पायांनी झिजलेल्या पायऱ्यांना ताजमहालाच्या पंगतीत बसविले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. राजांचे वाडे जपणारे जगात पुष्कळ आहेत. मजुराची पायरी जपणारे थोडे.

त्या काळी वारसा जपणाऱ्या संस्था नव्हत्या. होत्या त्या बैठका. दिवसभर मळ्यात राबून आलेली माणसे संध्याकाळी एखाद्या झोपडीत जमत, दिवा लावीत, पोरांना अक्षरे गिरवावयास लावीत, भजने म्हणत, पोथी वाचीत. भारतीय मजुरांच्या ह्या बैठकांना तेथील इतिहासात मोठे स्थान आहे. १९०१ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परतताना काही दिवस ह्या बेटावर थांबले होते. मुलांना शिकवा आणि राज्यकारभारात लक्ष घाला, असे त्यांनी तेथील लोकांना सांगितले. पुढे १९६८ साली देश स्वतंत्र झाला तो १२ मार्चला, म्हणजे दांडीयात्रा निघाली त्या तारखेला. बैठकीतल्या मिणमिणत्या दिव्याचा उजेड किती दूर पोहोचला, हे ह्यावरून दिसते.

मराठी माणसांनीही आपले दिवे सांभाळले. कॅस्कावेल नावाच्या गावात भिवाजी कुटुंबाने १८९६ साली गणपती बसविला, तो तेथील पहिला गणेशोत्सव मानतात. लोकमान्यांनी पुण्यात उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्याच्या मागोमागच हे घडले. आज गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. मराठी मंडळ्या आहेत, त्यांचा महासंघ आहे, पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झालेली मराठीभाषिकांची संस्था आहे. शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय घेता येतो. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ती वरच्या इयत्तांपर्यंत शिकता येते. शिवजयंती होते, महाराष्ट्र दिन होतो, मराठी नाटकांच्या स्पर्धा होतात. लोकसंख्येत शेकडा दोनच्या आसपास असलेल्या समाजाने, मायभूमीपासून हजारो मैलांवर, एवढे उभे करावे, ही लहान गोष्ट नाही. आपल्याकडे एखाद्या नगरपालिकेचे वाचनालय चालू ठेवताना किती दमछाक होते, हे पाहिले म्हणजे तिकडच्या मंडळ्यांपुढे नम्र व्हावे लागते.

एवढे म्हटल्यावर समीक्षकाचे काम सुरू होते.

तेथील जनगणनेत भाषेविषयी दोन वेगळे प्रश्न विचारले गेले आहेत. एक, तुमच्या पूर्वजांची भाषा कोणती? दुसरा, घरात तुम्ही कोणती भाषा बोलता? ह्या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत सगळी कहाणी आहे. पहिल्या प्रश्नाला 'मराठी' असे उत्तर देणारी माणसे हजारांनी आहेत. दुसऱ्या प्रश्नाला तेच उत्तर देणारी फारच थोडी. घरात बोलतात ती क्रिओल; गुलामांच्या काळात फ्रेंच शब्दांवर उभी राहिलेली भाषा. आज त्या देशातल्या दहांपैकी आठांहून अधिक माणसांच्या घरात तीच आहे. म्हणजे मराठी ही तेथे अभिमानाची भाषा आहे, प्रार्थनेची आहे, परीक्षेची आहे, रंगमंचावरची आहे; पण दुधाचे पातेले उतू गेले असता तोंडातून निघणारी भाषा ती राहिलेली नाही.

ह्यात दोष कोणाचा, असे मी विचारीत नाही. तेथील माणसे मॉरिशसची आहेत. ती आपली काही देणेकरी नाहीत. क्रिओल ही त्यांची आज मायबोली आहे, आणि जी भाषा गुलामांनी घडविली तिला नाक मुरडण्याचा अधिकार मजुरांच्या वंशजांना नाही आणि आपल्याला तर मुळीच नाही. आक्षेप आहे तो जतनाच्या पद्धतीबद्दल, आणि त्याहून अधिक, त्या पद्धतीला येथून आपण जे खतपाणी घालतो त्याबद्दल.

आपण काय पाठवितो पहा. एप्रिल २०२३ मध्ये तेथे शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण झाले. महाराष्ट्राचे त्या वेळचे उपमुख्यमंत्री त्यासाठी गेले होते. तेथील महाराष्ट्र भवनाच्या वाढीसाठी आपल्या सरकारने आठ कोटी रुपयांचे साह्य जाहीर केले. महाराजांचा पुतळा पाहून कोणाची मान ताठ होणार नाही? त्याला माझा विरोध नाही. परंतु पुतळ्याने एक सोय होते, ती समीक्षकाला टोचते. पुतळा बसविला की काम पूर्ण झाले असे वाटते. फीत कापली, छायाचित्र निघाले, हार घातले, मंडळी जेवून घरी गेली. पोराला झोपविताना त्याची आई कोणत्या भाषेत गुणगुणते, ह्याचा फोटो निघत नाही; म्हणून त्याचा अहवालही होत नाही.

वारशाचे, माझ्या मते, दोन भाग पडतात. एक मंचावर मांडता येतो: फेटा, नऊवारी, लेझीम, पोवाडा. दुसरा अंगात मुरलेला असतो: शिवी, ओवी, भाजीचे नाव, आजीची खोड. पहिला भाग जपावयास पैसा आणि उत्साह लागतो. दुसऱ्याला वेळ लागतो, कान लागतो आणि थोडी विनयशीलता लागते. वारसा जपणाऱ्या मंडळांचा, ती बेटावरची असोत की आपल्या पेठेतली, बहुतेक शीण पहिल्या भागावर खर्ची पडतो. आणि हरवतो आहे तो दुसरा भाग.

एक उदाहरण घेऊ. कोकणात गौरीगणपतीत जाखडी नाचतात. काही ठिकाणी त्याला बाल्या नाच म्हणतात. वर्तुळात फेर धरावयाचा, मध्ये मृदंग, आणि गाणे. मजुरांबरोबर हा नाच बेटावर गेला. तेथे तो आजही आहे आणि त्याला 'झाकरी' म्हणतात. आता येथून गेलेला एखादा विद्वान पाहुणा काय करील? तो हसून सांगेल, "अहो, झाकरी नव्हे, जाखडी म्हणा." शब्द दुरुस्त होईल आणि त्याच क्षणी दीडशे वर्षांचा प्रवास पुसला जाईल. कारण 'झाकरी' ह्या शब्दातच जहाज आहे, मळा आहे, शेजारची बिहारी बाई आहे, क्रिओल बोलणारे पोर आहे. 'जाखडी' हा कोकणाचा वारसा आहे. 'झाकरी' हा मॉरिशसचा आहे. जपावयाचे असेल तर तेच जपले पाहिजे.

हे कसे करता येते, ह्याचा धडा त्याच बेटावर आहे. भोजपुरी बोलणाऱ्या घरांत लग्नाआधी बायका जमून गाणी म्हणतात, त्याला 'गीत-गवई' म्हणतात. हळदीची गाणी, जात्याची, नवऱ्या मुलाला चिडविण्याची, ढोलक आणि लोटा वाजवीत म्हटलेली. म्हाताऱ्या बायकांनी गावोगाव गीत-गवईच्या शाळा काढल्या आणि सुनांना, नातींना ती गाणी शिकविली. २०१६ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत तिचा समावेश केला. गुलामांच्या वंशजांचा सेगा नाच त्या यादीत २०१४ सालीच गेला होता. येथे क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. गाणे आधी स्वयंपाकघरात जगले, मग शाळेत गेले, आणि शेवटी जगाच्या यादीत. कोणी भोजपुरी बायकांना काशीची शुद्ध बोली शिकवावयास बसले नाही. म्हणून ते टिकले.

मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा आमच्या धंद्यातलेही एक उदाहरण दिले पाहिजे. मॉरिशसचे हिंदी लेखक अभिमन्यू अनत यांनी १९७७ साली 'लाल पसीना' ही कादंबरी लिहिली. मळ्यातल्या मजुरांचे कष्ट, चाबूक, संघटना करण्याची त्यांची धडपड हा तिचा विषय. कादंबरी म्हणून तिच्यात काय उणे आहे, काय अधिक आहे, ह्याची चर्चा वेगळी. पण सोळा पायऱ्यांच्या वर काय घडले, हे पायऱ्या सांगत नाहीत. ते कादंबरीला सांगावे लागले. आजही तेथल्या उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. शेत लावण्याजोगे करण्यासाठी मजुरांनी ते दगड हातांनी वेचून रचले. त्यांना कोणी हार घालीत नाही. एखादा ढीग निवडून त्याच्याशेजारी कोणी नात आपल्या पणजोबाची हकीकत सांगत उभी राहिली, क्रिओलमध्ये का असेना, तर ते मला दहा स्नेहसंमेलनांपेक्षा मोठे वारसाकार्य वाटेल.

आता पुन्हा सोलापूरला येऊ. कारण दुसऱ्याच्या ताटातले खडे वेचणे सोपे असते. ज्या अर्थाने मॉरिशस बेट आहे, त्याच अर्थाने आपले शहरही एक बेट आहे. नव्हे, बेटांचा समूह आहे. तेलंगणातून विणकामासाठी आलेला पद्मशाली समाज पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या राहतो आहे. मागावर सोलापुरी चादर विणली ती ह्या हातांनी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो आणि सारे शहर तो पाहावयास जाते. पण मला रथापेक्षा अधिक नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. त्या भागातल्या गल्लीत आजही दारात बसलेल्या बायका तेलुगूत भांडतात, आणि पोरे तेलुगूत रुसतात. हीच पोरे रस्त्यावर मराठी बोलतात, शाळेत इंग्रजीचे पाठ करतात, आणि घरी आल्यावर आजीला तेलुगूत भूक लागल्याचे सांगतात. भांडण ज्या भाषेत होते, ती भाषा अजून जिवंत आहे असे समजावे. मात्र त्या पोरांच्या तोंडी जी तेलुगू आहे, ती हैदराबादची नव्हे. तिच्यात आमची मराठी मिसळली आहे, कानडी मिसळली आहे. हैदराबादचा पाहुणा आला, तर तोही हसून दुरुस्ती करीत असेल.

आणि आमची मराठी? "काय बे, कुठं चाललास?" हे सोलापूरबाहेर कोणी ऐकले की हसतो. पुण्यामुंबईकडे शिकावयास गेलेला आमचा विद्यार्थी पहिल्या महिन्यातच 'बे' गिळावयास शिकतो. नोकरीच्या मुलाखतीत तो शहाणपणा आहे. मी त्याला दोष देत नाही. परंतु शहरात वारशाविषयी जेवढ्या सभा होतात, त्यांत किल्ल्याचा बुरूज येतो, देवळाचा कळस येतो, चार हुतात्म्यांचे स्मरण होते, आणि ते झालेच पाहिजे. 'बे' मात्र कोणाच्या भाषणात येत नाही. त्या एका अक्षरात कानडी, तेलुगू आणि मराठी मित्र एका पारावर बसलेले असतात. बुरूज ढासळला तर सरकार पुन्हा बांधील. ती हाक गेली, तर कोणत्या खात्याकडे अर्ज करावयाचा?

मी मास्तर आहे. मार्क दिल्याशिवाय मला राहवत नाही. वारसा जपणाऱ्या कोणत्याही मंडळाची उत्तरपत्रिका माझ्यापुढे आली, तर मी ती अशी तपासीन. उत्सव वेळेवर आणि नेटका झाला, दहापैकी तीन. मुलांना लिहिता-वाचता येऊ लागले, आणखी दोन. म्हाताऱ्या माणसांचे शब्द, गाणी, नावे, पाककृती जशाच्या तशा, अशुद्ध म्हणून न हिणवता, लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवल्या, आणखी तीन. आणि उरलेले दोन मार्क त्या मंडळाला, ज्याच्या कार्यक्रमानंतर एखादे पोर घरी जाऊन आजीला विचारते, "आजी, तुझ्या आईचे नाव काय होते?" बेटावरच्या मंडळ्यांनी पहिले पाच मार्क केव्हाच मिळविले आहेत, आणि तेही फार कठीण परिस्थितीत. पुढच्या पाचांसाठी पुतळ्यांची आणि भवनांची मदत होणार नाही. त्यासाठी येथून कोणी जावयाचेच असेल, तर शिकवावयास न जाता वही घेऊन ऐकावयास जावे.

आरंभी सिद्धेश्वराच्या यात्रेविषयी विचारले होते. शब्द गेला आणि कृती राहिली, तर ते जतन म्हणावे का? मला वाटते, म्हणावे, पण अर्धे. नंदीध्वजामुळे लोक एकत्र राहिले, आणि एकत्र राहिले म्हणून शब्द परत शोधण्याची वाट मोकळी राहिली. सिद्धरामांचे वचन ज्याला समजत नाही, त्याला ते समजावून सांगणारा कानडी शेजारी अजून त्याच गर्दीत उभा आहे. मॉरिशसच्या मराठी माणसाला गणपतीने असेच एकत्र ठेवले आहे. त्याची म्हातारी आजीही अजून कोठे कोठे दारात बसलेली असेल. शेजारी आणि आजी ही दोन माणसे आहेत तोवर उरलेले अर्धे काम करता येईल. ती गेल्यावर फक्त पायऱ्या उरतील.

वाचकहो, दिवाळीत घरे भरलेली असतात. फराळाचे ताट पुढे करताना एखादी म्हातारी मावशी सोऱ्याला, झाऱ्याला, तळणीतल्या एखाद्या बिघाडाला असा शब्द वापरील, जो तुमच्या मुलांनी कधी ऐकलेला नाही. तिला हसू नका, सुधारू नका. मुलाच्या हाती पेन्सिल द्या आणि तो शब्द, मावशीच्या गावाच्या नावासकट, ह्याच अंकाच्या कोऱ्या समासात लिहून ठेवावयास सांगा.